पहिली नोंद, शेवटची नोंद आणि मधली वर्षं

माननीय संचालक,
राष्ट्रीय रोग माहितीशास्त्र व संशोधन केंद्र,
भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, बेंगळूरु



आपलं केंद्र माझ्याच शहरात आहे, विमानतळाच्या वाटेवर, पूजनहळ्ळीला. देशभरातल्या कॅन्सर नोंदण्यांची माहिती तिथे जमा होते, तपासली जाते आणि अहवालांच्या रूपाने बाहेर पडते. त्या अहवालांतली एक उणीव मला आपल्यासमोर मांडायची आहे. हे पत्र मराठीत लिहिते आहे, कारण निपाणी, खानापूर, भालकी, सोलापूर, सांगलीहून उपचारांसाठी बेंगळूरु-मुंबईच्या खेपा घालणाऱ्या बायकांनीही ते वाचावं आणि आपण काय मागू शकतो हे त्यांना कळावं, अशी माझी इच्छा आहे.

मला स्तनाचा कॅन्सर आहे. २०११ साली पहिल्यांदा निदान झालं. ऑपरेशन, केमो, रेडिएशन सगळं झालं आणि आम्ही घरच्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. २०१६ साली पाठ दुखायला लागली आणि पेट स्कॅनमध्ये कॅन्सर मणक्यात आणि यकृतात दिसला. तेव्हापासून मी मेटास्टॅटिक, म्हणजे पसरलेल्या स्तनकॅन्सरची रुग्ण आहे. दर तीन आठवड्यांनी शिरेतून औषध घेते, ठरलेल्या वेळी हृदयाचा एको करते, स्कॅनच्या आधी आठवडाभर झोप नीट लागत नाही, आणि रिपोर्टवर ‘स्टेबल’ दिसलं की पुढच्या तीन महिन्यांचे बेत आखते. हा आजार आता जाणार नाही, हे मला ठाऊक आहे. पण मी जगते आहे आणि बऱ्यापैकी जगते आहे.

आपल्या नोंदींत माझं २०११ सालचं निदान असणार. २०१६ मध्ये जे झालं ते असणार नाही. माझी यापुढची नोंद होईल ती मृत्यूची.

नोंदणीचं काम कसं चालतं ते मी जमेल तेवढं समजून घेतलं आहे. माझी सगळी नोकरी सरकारी हिशेब तपासण्यात गेली, त्यामुळे फॉर्म आणि रकाने वाचायची सवय आहे. नोंदणीची माणसं रुग्णालयांच्या रेकॉर्ड विभागात जातात, पॅथॉलॉजीच्या प्रयोगशाळांत जातात. नाव, वय, पत्ता, कॅन्सर कुठल्या अवयवाचा, कुठल्या प्रकारचा, निदान केव्हाचं, हे उतरवून घेतात. एकच बाई दोन रुग्णालयांमुळे दोनदा मोजली जात नाही ना, ते ताडून पाहतात. मग मृत्यूनोंदीशी जुळवणी करतात. फार चिकाटीचं काम आहे आणि ते करणाऱ्यांची नावं कुणाला ठाऊक नसतात. बेंगळूरुची नोंदणी किदवई संस्थेत १९८२ पासून, मुंबई आणि मद्रासबरोबरच राष्ट्रीय कार्यक्रमात सुरू झाली. इतकी जुनी, सलग माहिती पुष्कळ देशांकडे नाही. उलटलेला कॅन्सर नवा रुग्ण म्हणून मोजायचा नाही, हा आंतरराष्ट्रीय नियम आहे आणि तो योग्यच आहे, नाहीतर एका बाईचे दोन रुग्ण होतील. पण नवा रुग्ण न धरणं वेगळं आणि घटनेची नोंदच न ठेवणं वेगळं. वर्षाची आरंभीची शिल्लक लिहिली आहे, अखेरची लिहिली आहे आणि मधली पानं कोरी आहेत, अशी खातेवही माझ्यासमोर आली असती तर मी तिच्यावर सही केली नसती.

जागतिक अंदाजानुसार २०२२ साली भारतात स्तनाच्या कॅन्सरच्या १,९२,०२० नव्या रुग्ण आढळल्या आणि ९८,३३७ स्त्रिया या आजाराने गेल्या. हे दोन्ही आकडे स्तनकॅन्सर जनजागृतीच्या ऑक्टोबर महिन्यात गुलाबी फिती लावून सगळीकडे सांगितले जातात. लवकर निदान करा, लवकर निदान झालं की जीव वाचतो, हे सांगणं गरजेचंच आहे. पण आजार पसरल्यावर औषधांच्या आधाराने जगणाऱ्या स्त्रिया या देशात आज किती आहेत, तो आकडा कुठल्याच पत्रकावर नसतो. नोंदच नाही तर तो येणार कुठून?

आपल्याच संस्थेच्या संशोधकांनी २०२४ साली एक महत्त्वाचा अभ्यास प्रसिद्ध केला. देशातल्या ११ नोंदण्यांमधल्या, २०१२ ते २०१५ या काळात निदान झालेल्या स्त्रियांचा त्यांनी २०२१ पर्यंत मागोवा घेतला. पाच वर्षं जगण्याचं प्रमाण सरासरी ६६.४ टक्के निघालं. मिझोराममध्ये ते ७४.९ टक्के, तर अरुणाचलमधल्या पासीघाटला ४१.९ टक्के. आजार स्तनापुरता असताना निदान झालं तर ८१ टक्के, आणि निदानाच्या वेळीच तो दूरवर पसरलेला असेल तर १८.३ टक्के. हा शेवटचा आकडा मी कितीतरी वेळा वाचला. तो वाईट आहे, पण त्याचा दुसरा अर्थ असा, की पसरलेल्या आजारातही दर अकरा जणींमागे दोघी पाच वर्षांनी हयात होत्या. त्यांना कुठली औषधं मिळाली? दहाव्या वर्षी त्यांतल्या किती होत्या? आणि माझ्यासारख्या, ज्यांचा आजार आधी लवकर सापडला आणि काही वर्षांनी उलटला, त्या कुठे आहेत? मी तर पहिल्या निदानामुळे ‘लवकर सापडलेल्यां’च्या गटात मोजली जाते.

नोंद नसल्याने काय होतं, ते एका बाईवरून सांगते. ती निपाणीकडची होती. आमची ओळख एका रुग्णालयाच्या प्रतीक्षालयात झाली, मराठी ऐकून ती माझ्याशेजारी येऊन बसली. तिचा कॅन्सर फक्त हाडांत गेला होता आणि हार्मोन पॉझिटिव्ह होता. अशा आजारात रोजची एक गोळी आणि हाडं बळकट ठेवणारं इंजेक्शन एवढ्यावरही पुष्कळ जणी काही वर्षं चांगल्या राहतात. लेट्रोझोलची गोळी महागही नाही. पण तिच्या नवऱ्याला कुणीतरी व्हरांड्यात उभ्या-उभ्या सांगितलं, “चौथी स्टेज आहे, सहा महिने धरून चला, उगाच कर्ज काढू नका.” सांगणाऱ्याचा हेतू वाईट नसावा. कुटुंब कर्जात बुडू नये असंच त्याला वाटलं असेल. नवरा तिला घरी घेऊन गेला. सहा महिने उलटले, वर्ष उलटलं, ती होतीच. उपचार मात्र नव्हते. मग मणका खचला आणि ती अंथरुणाला खिळली, ते शेवटपर्यंत. फोनवर तिने मला विचारलं होतं, “ताई, तुम्ही अजून औषध घेता? म्हणजे औषध असतं?” या प्रश्नाला मी काय उत्तर दिलं ते इथे लिहिण्याचं बळ माझ्यात नाही.

तिच्या मृत्यूचं कारण काय म्हणून लिहिलं गेलं असेल, कोण जाणे. २०२० साली देशात नोंदल्या गेलेल्या मृत्यूंपैकी फक्त २२.५ टक्के मृत्यूंचं कारण डॉक्टरांनी प्रमाणित केलेलं होतं. म्हणजे तिच्या हिशेबातलं अखेरचं पानही कोरं राहिलं असण्याची शक्यता मोठी आहे.

‘सहा महिने’ हा आकडा त्या माणसाने आणला कुठून? जुन्या काळच्या समजुतीतून. माझा आजार हर-टू पॉझिटिव्ह आहे. १९९८ च्या आधी हा स्तनकॅन्सरचा अतिशय वाईट प्रकार मानला जायचा. त्या वर्षी अमेरिकेत ट्रास्टुझुमॅबला मान्यता मिळाली आणि चित्र बदललं. पुढे त्याच्या जोडीला पर्टुझुमॅब आलं. ‘क्लिओपात्रा’ या मोठ्या चाचणीत ही दोन्ही औषधं केमोबरोबर घेणाऱ्या पसरलेल्या आजाराच्या रुग्णांपैकी ३७ टक्के आठ वर्षांनीही हयात होत्या. पर्टुझुमॅब न मिळालेल्या गटात हेच प्रमाण २३ टक्के होतं. हार्मोन पॉझिटिव्ह प्रकारात रायबोसिक्लिबच्या चाचणीत निम्म्या स्त्रिया पाच वर्षांहून अधिक जगल्या, मध्यक (मीडियन) ६३.९ महिन्यांचा. हे निकाल लागून काही वर्षं झाली. व्हरांड्यात मात्र अजून सहा महिनेच सांगितले जातात.

ट्रास्टुझुमॅबशी आपल्या शहराचं नातं आहे. बेंगळूरुच्या बायोकॉनने मायलनबरोबर त्याचं जैवसदृश औषध तयार केलं. ते जानेवारी २०१४ मध्ये भारतात बाजारात आलं, या औषधाचं जगातलं पहिलंच जैवसदृश रूप. तेव्हा ४४० मिलिग्रॅमच्या कुपीची किंमत ५७,५०० रुपये होती, मूळ औषधापेक्षा कमी, तरी बहुतेक घरांच्या आवाक्याबाहेर. २०१५ साली ट्रास्टुझुमॅब राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आलं. २०१७ च्या डिसेंबरात बेंगळूरुच्या याच औषधाला अमेरिकेनेही मान्यता दिली. होसूर रस्त्याने जाताना मला त्या कारखान्यांबद्दल मनापासून कृतज्ञता वाटते. माझ्या घरापासून काही किलोमीटरवर जे बनतं त्यावर मी उभी आहे.

औषधाची किंमत आणि माणसांची मोजणी यांचा संबंध फार जवळचा आहे. २०२२ साली केरळ उच्च न्यायालयात पसरलेल्या स्तनकॅन्सरच्या एका निवृत्त बँक कर्मचारी स्त्रीने दाद मागितली. रायबोसिक्लिबसाठी तिला महिन्याला ५८,१४० रुपये लागत होते. पेटंट असलं तरी इतरांना हे औषध बनवायची परवानगी सरकारने सक्तीच्या परवान्याने द्यावी, एवढी तिची मागणी होती. निकाल लागण्याआधीच, त्या वर्षीच्या सप्टेंबरात, ती गेली. प्रश्न सगळ्यांचाच आहे म्हणून न्यायालयाने प्रकरण पुढे चालू ठेवलं. अशा प्रकरणात कुणीही सरळ विचारील, की हे औषध लागणाऱ्या स्त्रिया देशात आहेत किती? पॅल्बोसिक्लिबचं पेटंट जानेवारी २०२३ मध्ये संपलं, आपल्या कंपन्यांची औषधं आली आणि किंमत कितीतरी खाली उतरली. त्याआधीच्या वर्षांत किती जणी त्या किमतीमुळे औषधाविना राहिल्या? दोन्ही प्रश्नांना उत्तर नाही, आणि उत्तर देता येईल अशी माहिती गोळा करू शकणारी देशव्यापी यंत्रणा आपल्याकडे आहे.

२०२५ च्या अर्थसंकल्पात जिल्हा रुग्णालयांत डे-केअर कॅन्सर केंद्रं उघडण्याची घोषणा झाली, पहिल्या वर्षी २००. ऐकून मला फार आनंद झाला. बेळगाव किंवा धाराशिवच्या बाईला केमोसाठी रात्रभर प्रवास करावा लागू नये, यासारखी दुसरी चांगली गोष्ट नाही. पण या केंद्रांत खुर्च्या किती लागतील, हे कशावरून ठरवणार? नव्याने निदान झालेली बाई काही महिने खुर्ची वापरते आणि मोकळी करते. माझ्यासारखी बाई दर तीन आठवड्यांनी येते आणि वर्षानुवर्षं येत राहते. नुसत्या नव्या रुग्णांच्या आकड्यावर खुर्च्या मांडल्या, तर पाचव्या वर्षी रांगा दाराबाहेर जातील. उपचार जितके सुधारतील तितक्या आम्ही संख्येने वाढत जाऊ. ही आनंदाची वाढ आहे, पण ती आधीच हिशेबात धरायला हवी.

अमेरिकेतल्या नोंदण्याही आजार उलटल्याची नोंद ठेवत नव्हत्या. तिथल्या राष्ट्रीय कॅन्सर संस्थेच्या संशोधकांनी २०१७ साली उपलब्ध माहितीवरून गणित मांडलं आणि सांगितलं, की पसरलेल्या स्तनकॅन्सरसह सुमारे १ लाख ५५ हजार स्त्रिया तिथे जगत आहेत. त्यांतल्या चारपैकी तिघींचं पहिलं निदान लवकरच्या टप्प्यात झालेलं होतं, म्हणजे त्या माझ्यासारख्या होत्या. सुरुवातीलाच पसरलेला आजार सापडलेल्या तरुण स्त्रियांत पाच वर्षं जगण्याचं प्रमाण १८ टक्क्यांवरून ३६ टक्क्यांवर गेल्याचं त्याच अभ्यासात दिसलं. या दोन आकड्यांच्या मधे माझ्यासारख्या हजारो जणींची वर्षं आहेत. इंग्लंड आणि वेल्समध्ये २०२२ पासून पसरलेल्या स्तनकॅन्सरचं स्वतंत्र राष्ट्रीय लेखापरीक्षण सुरू झालं. २०२४ साली ‘लॅन्सेट’च्या स्तनकॅन्सर आयोगाने तर जगातल्या किमान ७० टक्के नोंदण्यांनी आजाराचा टप्पा आणि आजार उलटणं या दोन्ही गोष्टी नोंदवाव्यात, असं उद्दिष्टच ठेवलं.

आपल्याकडे हे जमणार नाही, असं कुणी म्हणालं तर मला बार्शी आठवते. सोलापूर जिल्ह्यातली बार्शी आणि शेजारची परांडा, भूम ही तालुक्याची गावं, तीन तालुके मिळून ३४६ खेडी. १९८७ साली तिथे देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली. शहरातल्या नोंदणीची रीत तिथे चालणारच नव्हती. खेड्यातली माणसं, विशेषतः बायका, रुग्णालयापर्यंत पोचतच नव्हत्या, मग रेकॉर्ड विभागात काय सापडणार? म्हणून नोंदणीचे कार्यकर्ते गावोगाव गेले. लोकांशी बोलले, कॅन्सरची लक्षणं कशी असतात ते समजावलं, ज्यांच्याबद्दल शंका आली त्यांना तपासणीसाठी आणलं. नोंद करता करता निदान होऊ लागलं. संगणक नव्हता, मोबाइल नव्हता, रस्ते आणि एसटीच्या वेळा कशा होत्या ते त्या भागातल्या लोकांना विचारावं. तरी माहिती इतकी चोख, की ती आंतरराष्ट्रीय ग्रंथांत घेतली गेली. ज्या देशात हे घडलं, तिथे रुग्णालयाच्या फायलीत आधीपासून लिहिलेली गोष्ट एका रकान्यात उतरवणं अशक्य कसं?

आपल्याकडच्या आकड्यांनी आपल्याकडचे उपचार बदलले आहेत, हेही मी पाहिलं आहे. सुरुवातीलाच आजार पसरलेल्या स्त्रियांचा स्तन काढून आयुष्य वाढतं का, हा प्रश्न जगभर रेंगाळत होता. मुंबईच्या टाटा रुग्णालयात डॉ. राजेंद्र बडवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३५० स्त्रियांवर रीतसर चाचणी केली आणि २०१५ साली निष्कर्ष मांडला, की वाढत नाही. त्या एका उत्तराने किती जणींचं अनावश्यक ऑपरेशन टळलं असेल! ते उत्तर आपल्याच देशात शोधलं गेलं, आपल्याच बायकांच्या माहितीवर.

अडचणी मला दिसतात. आजार उलटल्याचा नेमका दिवस कोणता धरायचा यावर वाद होईल. एका बाईचं ऑपरेशन हुबळीत, केमो बेंगळूरुत आणि पुढचं औषध मिरजेत, असं नेहमीच असतं. नोंदणीची माणसं आधीच कमी आहेत. पण सगळा देश एकदम धरायची गरज नाही. रुग्णालयांवर आधारित नोंदण्यांत स्तनकॅन्सरच्या रुग्णांचे उपचार आणि आयुर्मान यांचा मागोवा आपण आधीपासून घेतच आहात. त्याच फॉर्ममध्ये आजार उलटला का, केव्हा, कुठे आणि त्यावर कोणतं औषध सुरू केलं, एवढं वाढवता येईल. सुरुवात बेंगळूरु आणि मुंबईच्या मोठ्या रुग्णालयांतून करा. औषधांच्या नोंदीही बोलतात. शस्त्रक्रियेनंतरचं ट्रास्टुझुमॅब साधारण वर्षभरात संपतं, तेव्हा एखाद्या बाईला ते तिसऱ्या, चौथ्या वर्षीही दिलं जात असेल तर ती बहुधा आमच्यातलीच आहे. सरकारी आरोग्य योजनांच्या बिलांत ही माहिती पडून आहे. आणि अहवाल येईल तेव्हा फक्त सरासरी छापू नका. पाचव्या वर्षी किती, आठव्या वर्षी किती, दहाव्या वर्षी किती, हे वेगवेगळं द्या.

वर्षं अशी वेगवेगळी देण्याचा आग्रह का, ते सांगते. २०१६ च्या पावसाळ्यात मी पहिल्यांदा डे-केअर वॉर्डात बसले, तेव्हा मुलीच्या लग्नाचे दागिने कुणाच्या हवाली करायचे याचा विचार करत होते. शेजारच्या खुर्चीवर कोलारची एक बाई होती, हाताला सुई लावलेली, मांडीवर शेंगांची पिशवी. माझ्या मोडक्या कन्नडमध्ये मी विचारलं, पहिल्यांदाच आलात का? ती हसली. ती पाच वर्षांपासून येत होती, यकृतातल्याच आजारासाठी. दोन नातवंडं त्यानंतर झाली होती. मला तोवर डॉक्टरांनी, नातेवाइकांनी पुष्कळ धीर दिला होता, तो सगळा वरवरचा वाटला होता. या बाईने धीर दिला नाही, ती नुसती समोर बसलेली होती. त्या दिवशी घरी जाऊन मी दागिन्यांचा विषय बंद केला. औषधाला माझा आजार दाद देईल की नाही, हे तेव्हा कुणालाच सांगता येत नव्हतं. पण पाचवं वर्ष नावाची गोष्ट असते आणि तिथवर माणसं पोचतात, हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. तेवढ्यावर मी उपचार नेटाने घेतले, जिभेला चव नसताना जेवले, पायांची जळजळ होत असताना चालायला गेले.

निपाणीच्या माझ्या मैत्रिणीला अशी बाई भेटली नाही. प्रत्येकीला ती भेटेलच असंही नाही. पण एक छापील तक्ता तालुक्याच्या डॉक्टरकडे पोचू शकतो, आरोग्य सेविकेच्या हातात पडू शकतो, व्हरांड्यात उभ्या असलेल्या नवऱ्याला दाखवता येतो. त्यात वाईट आकडेही असतील. ते आम्हाला झेपतील. आम्ही रोज त्याहून अवघड गोष्टी पेलतो. झेपत नाही ते हे, की आमच्याबद्दल अंदाजाने बोललं जातं आणि त्या अंदाजावर औषध सुरू करायचं की थांबवायचं हे ठरतं.

वाचणाऱ्या मैत्रिणींना एवढंच सांगेन, की आजार पसरला असं कळलं तर ‘किती दिवस’ हा प्रश्न विचारण्याआधी ‘प्रकार कोणता’ हे विचारा. हार्मोन रिसेप्टर आणि हर-टू या तपासण्यांचे कागद जपून ठेवा, आणि आपला आजार उलटल्याची तारीख फायलीत स्पष्ट लिहून घ्या. वेदना असतील तर वेदनाशमनाच्या डॉक्टरांकडे आजच जा, त्यासाठी शेवटची वेळ यावी लागत नाही.

आणि संचालक महोदय, आपल्याला विनंती अशी, की नोंदणीच्या पुढच्या सुधारित फॉर्ममध्ये आजार उलटल्याचा रकाना घाला, आणि पसरलेल्या स्तनकॅन्सरसह जगणाऱ्या स्त्रियांची संख्या आपल्या पुढच्या अहवालात छापा. माझी सगळी कागदपत्रं, २०११ पासूनची, मी आपल्या माणसांना द्यायला तयार आहे. माझ्यासारख्या अनेक जणी देतील. आम्ही हयात आहोत तोवर आमची नोंद करून घ्या.

आपली नम्र,
बेंगळूरुची एक रुग्ण